प्रादेशिक वकिली फर्म कशी वाढते: कोल्हापुरात वकिली सुरू करणाऱ्यांसाठी

कायद्याची पदवी हाती आली की मुंबई-पुण्याच्या मोठ्या फर्ममध्ये जावे की जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या सीनियरकडे बसावे, हा प्रश्न आमच्या भागातील विद्यार्थी पूर्वीपासून विचारत आले आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे पीठ, कोल्हापुरात बसू लागले आणि प्रश्नाचा रोख पालटला. कोल्हापुरात बसायचे हे आता अनेकांचे ठरलेले असते. कोणत्या ऑफिसात बसावे, एवढेच ते विचारतात. मी ज्या फर्ममध्ये ज्युनिअर म्हणून शिरलो आणि पुढे भागीदार झालो, तिच्यावरून माझे मत असे झाले आहे की प्रादेशिक फर्मची पारख दारावरच्या पाटीवरून किंवा चेंबरमधल्या फर्निचरवरून करू नये, तिच्या केस रजिस्टरवरून करावी. कोणत्या काळात कोणत्या प्रकारची कामे आली आणि ती कोणी चालवली, हे त्यात जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही परिचयपत्रकात दिसत नाही.

आमच्या ऑफिसच्या माळ्यावर लाल खारव्याच्या रुमालात बांधलेली जुनी दप्तरे अजून आहेत. रजिस्टरची पाने उभ्या रकान्यांची आहेत: दाव्याचा नंबर, पक्षकाराचे नाव व गाव, कोर्ट, पुढची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात कारकुनाच्या हातचा त्रोटक शेरा, जसे की ‘कैफियत दाखल’, ‘साक्षीदार गैरहजर’, ‘मनाईवर युक्तिवाद बाकी’. आरंभीच्या पानांवर जवळजवळ सगळी कामे जमिनीची आहेत, आणि त्याला कारण आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानचे स्वतःचे हायकोर्ट होते, ते गेले आणि अपिले मुंबईला जाऊ लागली. त्यानंतरच्या काळात आमच्या थोरल्या साहेबांनी, म्हणजे फर्मच्या मूळ वकिलांनी, वकिली सुरू केली, तेव्हा गावोगावच्या वाटपाच्या आणि वहिवाटीच्या तंट्यांवर कूळ कायद्याची भर पडत होती. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कायद्यातील अटींच्या अधीन राहून कुळे जमिनीची मालक मानली गेली. मग कलम ३२ग खाली किंमत ठरवणे आले, मालकाचा आक्षेप आला, आणि दिवाणी दाव्यात कुळाचा मुद्दा निघाला की कलम ८५अ प्रमाणे तो मामलेदाराकडे पाठवणे आले. मुद्दा तिकडे गेला की दावा इकडे वर्षानुवर्षे थांबे. पक्षकार एकच आणि जमीनही एकच, पण काम दोन ठिकाणी चाले. साहेबांना दिवाणी कोर्ट सोडून कचेरीत बसणे शक्य नव्हते, म्हणून महसुली कामांसाठी त्यांनी एका ज्युनिअरला वेगळे टेबल दिले. आमच्या फर्ममधला पहिला ‘विभाग’ असा निर्माण झाला. त्यामागे कसलीही योजना नव्हती.

पुढची वाढही याच धर्तीवर झाली. १९६० चा सहकारी संस्था कायदा आला आणि कलम ९१ खालचे वाद, निवडणुकांचे तंटे, कलम १०१ खालचे वसुलीचे दाखले यांनी रजिस्टरची पाने भरू लागली. साखर कारखाने, पतसंस्था आणि दूध संस्थांच्या या जिल्ह्यात ते होणारच होते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींबरोबर कामगार न्यायालयाची कामे आली. १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखालच्या तक्रारींसाठी आणखी एक टेबल लागले. १ एप्रिल १९८९ पासून धनादेश न वटणे हा गुन्हा झाला आणि कलम १३८ च्या फौजदारी तक्रारींची रीघ लागली. इचलकरंजीच्या यंत्रमाग व्यवसायात उधारीची साखळी लांबलचक असते. त्यामुळे एका व्यापाऱ्याचा धनादेश परत आला की पाठोपाठ चौघांच्या फायली उघडाव्या लागत. थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यानंतर बँकांची कामे वाढली, आणि फ्लॅटचे व्यवहार वाढले तसे टायटल सर्चचे, म्हणजे मालकीहक्काचे जुने कागद तपासण्याचे, काम इतके झाले की त्यासाठी दोन माणसे दिवसभर दुय्यम निबंधक आणि तलाठी कार्यालयाच्या वाऱ्या करू लागली. नवा कायदा किंवा नवे न्यायाधिकरण आले की ऑफिसात एक टेबल वाढते, हा आमच्या फर्मचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. सगळीच टेबले टिकली असे नाही. कूळ कायद्याच्या टेबलावर आता क्वचितच फाइल येते, पण ज्यांना ते काम येते त्यांच्याकडे इतर वकील सल्ल्याला येतात, आणि ती कमाई वेगळीच असते.

एकट्याच्या वकिलीची फर्म होणे मात्र आपोआप घडत नाही. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, व्यक्तीची असते, वकीलपत्र व्यक्तीच्या नावाने दाखल होते आणि गावाकडचा पक्षकार ‘साहेबांकडे’ येतो, फर्मकडे येत नाही. जाहिरातीला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. वकील नसलेल्या माणसाशी भागीदारी करता येत नाही किंवा फीही वाटून घेता येत नाही. त्यामुळे ओळखीचा चार्टर्ड अकाउंटंट कितीही उपयोगी असला तरी त्याला भागीदार करता येत नाही. या मर्यादांमुळे जिल्ह्यातील बहुतेक ऑफिसे मूळ वकिलाबरोबर संपतात किंवा मुलाकडे जातात. मुलाकडे जाण्यात गैर काही नाही; पण बाहेरून आलेल्या हुशार ज्युनिअरला तिथे कुठपर्यंत जाता येईल, याची कल्पना त्याला पहिल्या वर्षातच यायला हवी. आमच्याकडे थोरल्या साहेबांनी प्रकृती उत्तम असतानाच १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली लेख करून घेतला. फीची वाटणी, ग्रंथालयाची मालकी आणि एखादा भागीदार बाहेर पडल्यास चालू फायली पक्षकाराच्या इच्छेप्रमाणे कोणाकडे जातील, एवढे तीन विषय त्यात नीट लिहिलेले होते. तिसऱ्या विषयावर पुढे एकदा खरोखर वेळ आली आणि त्या दोन परिच्छेदांनी फर्म वाचली, असे म्हणायला हरकत नाही.

सर्किट बेंचने या सगळ्याला मोठे वळण दिले आहे. पूर्वी अपील किंवा रिट (उच्च न्यायालयात थेट करायची याचिका) म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईच्या वकिलाला फाइल समजावून सांगणे एवढाच आमचा भाग असे. खालच्या कोर्टात दहा वर्षे चालवलेले काम वर गेले की हातातून जाई. पुष्कळदा पक्षकारही जाई. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्तींनी काढलेल्या आदेशाने आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत चालतात. औरंगाबादलाही २७ ऑगस्ट १९८१ पासून याच कलमाखाली सुरुवात झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ती वैध ठरवली आणि पुढे तिथे कायम खंडपीठ झाले. तिथल्या वकिलीचा विस्तार पाहिलेल्यांना इथे काय होऊ शकते याचा अंदाज आहे. मात्र मुंबईच्या फर्मही इथे जागा शोधू लागल्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

नव्याने येणाऱ्याला इथे नेमके कोणते काम मिळते, ते एका उदाहरणाने सांगतो. दुय्यम अपिलाचे (पहिल्या अपिलाच्या निकालावर उच्च न्यायालयात केलेल्या अपिलाचे) पेपरबुक, म्हणजे कागदपत्रांचा क्रमवार संच, तयार करायचे असते. खालच्या कोर्टाचे रेकॉर्ड मराठीत: वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), उलटतपास, सातबारा, फेरफार. जुना फेरफार कधी मोडी लिपीत असतो, तेव्हा जाणकाराकडून आधी त्याचे लिप्यंतर करून घ्यावे लागते. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत, म्हणून महत्त्वाच्या कागदांचे भाषांतर हवे. निशाणी क्रमांक (कोर्टाने कागदाला दिलेला नंबर), पान क्रमांक आणि तारखा मूळ कागदाशी जुळल्या पाहिजेत. मग तारीखवार घटनाक्रम, आणि शेवटी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे कायद्याचा सारभूत प्रश्न. हा प्रश्न एका वाक्यात नीट मांडता आला नाही तर पहिल्या सुनावणीतच अपील फेटाळले जाण्याची पाळी येते. हे काम करणाऱ्याला मराठी रेकॉर्ड आणि इंग्रजी मसुदा दोन्हींवर सारखी पकड लागते, आणि ती जिल्ह्यात शिकलेल्यांकडे असण्याची शक्यता अधिक. फक्त बेंचचे काम करण्याच्या मोहात पडून दिवाणी न्यायालय टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उलटतपास कसा होतो हे ज्याने पाहिले नाही, त्याला रेकॉर्डमधली कच्ची जागा सापडत नाही.

पैशांबद्दल मोघम बोलू नये. नोंदणी फी सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपयांपेक्षा अधिक नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्याच वर्षी ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही आणि जिल्ह्यातील अनेक ऑफिसांत तेवढे मिळत नाहीत. कमी रक्कम स्वीकारायची असेल तर बदल्यात काय मिळणार ते विचारून घ्यावे: वकीलपत्रावर आपले नाव असणार का, किरकोळ अर्जांवर स्वतः युक्तिवाद करू देणार का, किमान दोन वेगळ्या टेबलांवर काम मिळणार का. सीनियर नाराज होतील या भीतीने बहुतेक जण हे विचारत नाहीत. ज्या सीनियरना अशा प्रश्नांचा राग येतो, त्यांच्याकडचे वातावरण त्यावरूनच कळते.

आणखी एक बोलणे आधीच करून ठेवावे. दोन-तीन वर्षांत नातेवाईक, गाववाले स्वतःची कामे घेऊन थेट ज्युनिअरकडे येऊ लागतात आणि बहुतेक ऑफिसांत बेबनाव तिथूनच सुरू होतो. आमच्याकडे आता हे लेखी असते: ज्युनिअरने आणलेल्या कामाची फी त्याची, टायपिंग आणि झेरॉक्सचा खर्च ऑफिसचा, आणि समोरचा पक्ष आमचा जुना पक्षकार निघाला तर ते काम कोणीच घ्यायचे नाही. त्यासाठी रोज नव्या फायलीवर वकीलपत्र घेण्यापूर्वी दोन्ही बाजूंची नावे आणि गट नंबर जुन्या रजिस्टरशी ताडून पाहिले जातात, आणि हे काम सर्वांत नव्या ज्युनिअरकडे असते.