निवृत्त टेनिस विजेत्याची मुलाखत कशी घ्यावी

मोठ्या खेळाडूने आपल्या गाजलेल्या सामन्याची गोष्ट निवृत्तीनंतर शेकडो वेळा सांगितलेली असते. सांगून सांगून ती पाठ होते. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं ठरलेलं असतं. तुम्ही "तो सामना सांगा ना" म्हणालात की तीच गोष्ट तशीच्या तशी ऐकायला मिळते आणि वीस मिनिटं संपतात. मुलाखतीची सगळी तयारी करायची ती या पाठ गोष्टीच्या आत शिरण्यासाठी.

आधी निकाल, मग लेख

निदान दोन आठवडे हाताशी ठेवा. त्या खेळाडूवरचे गौरवलेख नंतर वाचा, आधी निकाल काढा. ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांचे जुने ड्रॉ (कोण कोणाशी खेळलं याचे तक्ते) आणि डेव्हिस चषक या देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेतल्या लढतींचे सेटनिहाय निकाल अधिकृत संकेतस्थळांवर मिळतात. एका ए-फोर कागदावर वर्ष, स्पर्धा, कोर्ट कसलं होतं, फेरी, प्रतिस्पर्धी आणि गुण अशा ओळी मांडा. हा कागद मुलाखतभर मांडीवर राहू द्या.

त्यात पराभव मुद्दाम लिहा. जिंकलेल्या सामन्यांवर सगळेच विचारतात, म्हणून ती उत्तरं गुळगुळीत झालेली असतात. विजय अमृतराज यांनी १९७३च्या यूएस ओपनमध्ये रॉड लेव्हरला हरवलं, हे त्यांना सगळे विचारतील. त्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत यान कोडेशविरुद्धचा पाचवा सेट ५-७ असा गेला. त्या शेवटच्या दोन गेमबद्दल विचारणारा क्वचित भेटतो.

त्या काळचे नियम पक्के ठाऊक हवेत. इथे चूक झाली की समोरचा माणूस सौजन्याने उत्तर देतो, पण मनातून मुलाखत तिथेच संपवतो. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ साली विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले, तेव्हा टायब्रेक, म्हणजे गेम बरोबरीत आल्यावर सेटचा निकाल लावणारा खास गेम, नव्हताच. विम्बल्डनला तो १९७१मध्ये आला, तोही ८-८ झाल्यावर. ६-६वर तो १९७९पासून घेऊ लागले. १९६८पूर्वी ग्रँड स्लॅम स्पर्धा हौशी खेळाडूंसाठी होत्या, त्यामुळे त्या पिढीला बक्षिसाची रक्कम विचारण्यात अर्थ नाही. प्रवासाचं तिकीट कुणी काढलं, नोकरी कुठे होती, रजा कशी मिळायची, हे विचारा. तेव्हा चारपैकी तीन ग्रँड स्लॅम हिरवळीवर व्हायच्या. चेंडूही पांढरे असत. विम्बल्डनला पिवळे चेंडू १९८६मध्ये आले.

वेळ मागताना

थेट ओळख नसेल तर खेळाडूचा क्लब किंवा राज्य संघटना हा सरळ मार्ग. महाराष्ट्रात राज्य लॉन टेनिस संघटना, पुण्यात डेक्कन जिमखाना किंवा पीवायसी हिंदू जिमखाना. पहिला निरोप चार ओळींचा असावा: तुम्ही कोण, मुलाखत कुठे छापली किंवा ऐकवली जाणार, किती वेळ हवा आणि कोणते तीन विषय. प्रश्नांची यादी पाठवू नका, उत्तरं घोटून तयार होतात. कुणी आग्रहच धरला तर विषय थोडे फोडून सांगा.

पंचाहत्तर मिनिटं मागा आणि साठात आटपा. अजून शिकवणारे खेळाडू सकाळ-संध्याकाळ कोर्टवर असतात, त्यांना दुपार सोयीची. वय झालेल्यांना सकाळी दहाची वेळ बरी. घरच्यांना एक गोष्ट आधी हळूच विचारून घ्या: कोणत्या कानाने नीट ऐकू येतं? त्या बाजूला बसा. भेट क्लबमध्ये ठेवू नका, तिथे दर पाच मिनिटांनी कुणीतरी "काय सर, आज इकडे?" म्हणत येतं. घर उत्तम, त्यातही पडदे असलेली खोली, म्हणजे आवाज घुमत नाही.

रेकॉर्डिंग दोन ठिकाणी करा: कॉलरला लावायचा माइक जोडलेला एक फोन आणि टेबलावर वेगळा रेकॉर्डर. माइक तोंडापासून पंधरा-वीस सेंटीमीटरवर ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेल्या फोनने रेकॉर्डिंग तुटतं. मोनो वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) एका तासाला सुमारे ३०० एमबी घेते, तेवढी जागा आधी मोकळी करा. डोक्यावरचा पंखा हा खरा शत्रू. पूर्ण बंद केला तर उकाड्याने माणूस कंटाळतो, म्हणून एकवर ठेवा आणि खुर्च्या पंख्याखालून बाजूला सरकवा.

हातात रॅकेट द्या

जुन्या काळचा खेळाडू असेल तर एक लाकडी रॅकेट मिळवा. त्यांची स्वतःची असेल तर फारच छान. दुखरा खांदा नाही ना, एवढं विचारून ती हातात द्या आणि गप्प बसा. बोटं आपोआप जुन्या ग्रिपवर जातात, अंगठा दांड्यावर आपली जागा शोधतो, मनगट दोनदा फिरतं. मग विचारा: सर्व्हिसला चेंडू किती वर टाकत होता? बॅकहँडला ग्रिप बदलत होता की तीच ठेवत होता? दुसरी सर्व्हिस घ्यायला बेसलाइनच्या किती मागे उभे राहायचा? हाताला जे आठवतं ते तोंडी गोष्टीत कधीच आलेलं नसतं, म्हणून इथे भाषा बदलते. वाक्यं तुटक येतात. ती तुटू द्या.

रेकॉर्डरला डोळे नाहीत, हे विसरू नका. त्यांनी हाताने काही दाखवलं की लगेच म्हणा, "म्हणजे उजवा खांदा पार मागे आणि कोपर कानाच्या वर?" ते होकार देतील किंवा दुरुस्त करतील. दोन्ही कामाचंच.

मोठ्या सामन्याकडेही असंच आडवाटेने जा. १९६६मध्ये कोलकात्याला ब्राझीलविरुद्धच्या डेव्हिस चषक लढतीत २-२ अशी बरोबरी असताना कृष्णन टॉमस कोकविरुद्ध चौथ्या सेटमध्ये २-५ने मागे होते. तिथून ते जिंकले आणि भारत प्रथमच अंतिम फेरीत गेला. "तेव्हा कसं वाटलं?" विचारलंत तर पाठ गोष्ट मिळेल. "त्यानंतरच्या गेममध्ये पहिला फटका कुठे मारायचं ठरवलं होतं?" असं विचारलंत तर माणूस डोळे मिटून कोर्टवर जातो. लिअँडर पेस यांनी १९९६मध्ये अटलांटाला कांस्यपदक जिंकलं, खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतरचं भारताचं पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे जिद्दीचा प्रश्न नको. दुखऱ्या मनगटामुळे बॅकहँडमध्ये काय बदलावं लागलं, ते विचारा.

दुहेरीच्या खेळाडूंना जोडी का फुटली हे विचारायचं असतंच, पण चाळिसाव्या मिनिटाआधी नको. आधी जोडी कशी चालायची ते काढा: डावी बाजू कोणाची, नेटवरचा जोडीदार पाठीमागे कोणत्या बोटांनी खूण करायचा, खूण चुकली तर काय व्हायचं. हे आठवताना माणूस मऊ होतो आणि पुढचं कित्येकदा आपणहून सांगतो. महिला खेळाडूंना लग्न आणि कपडे यांवरच विचारत राहणं हा निव्वळ अन्याय आहे. सानिया मिर्झा यांच्या नावावर दुहेरीतली सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं आहेत. मार्टिना हिंगीसबरोबर खेळताना मधून आलेला चेंडू कोण घ्यायचं, हा प्रश्न त्यांच्या तोलाचा आहे.

आठवण आणि नोंद जुळली नाही तर

हे हमखास होतं. ८-६ सांगितलेला सेट नोंदीत ७-५ निघतो. बोलण्याच्या ओघात टोकू नका, कागदावर खूण करा. शेवटी छापील निकाल पुढे ठेवा आणि "हे असं दिसतंय" एवढंच म्हणा. कित्येकदा त्यातून विसरलेला दुसराच सामना वर येतो. छापताना गुण नोंदीतले द्या आणि आठवण त्यांच्याच शब्दांत राहू द्या.

तासभराचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास लागतात, म्हणून त्याच रात्री सुरुवात करा. मराठी, हिंदी, इंग्रजी अशी सरमिसळ आली तर खेळाचे शब्द तसेच ठेवा. फोरहँडला "अग्रहस्त" करू नका. नावं, साल आणि गुण तेवढे तपासायला पाठवा. सगळा मजकूर पाठवलात तर जिवंत वाक्यं आधी खोडली जातात.

जुने फोटो दाखवले तर घरी न्यायला मागू नका. तिथेच, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून फोन फोटोला समांतर धरून टिपा. काचेवर उजेड चमकत असेल तर फ्रेम जराशी तिरकी करा. कोण, कुठे, कधी हे त्यांच्याच तोंडून रेकॉर्डरवर घ्या, डावीकडून उजवीकडे एकेक नाव. मागच्या रांगेत कोपऱ्यात उभ्या असलेल्या मार्करचं, म्हणजे क्लबमध्ये सरावाला खेळवणाऱ्या माणसाचं, नावही विचारा. लहानपणी त्यानेच टोपलीभर चेंडू टाकून हात बसवलेला असू शकतो.