अरुंद अक्षर काढायला शिकताना

फ्लेक्सवर लांबलचक नाव बसवायचं म्हटलं की ऑपरेटर सरळ अक्षरं बाजूंनी दाबतो. टाइप डिझाइनमध्ये, म्हणजे छपाईची अक्षरं घडवण्याच्या कामात, यायचं असेल तर ही सवय आधी सोडा. रुंदी ६० टक्के केली की १०० युनिटचा उभा दांडा ६० चा होतो, शिरोरेखा मात्र १०० चीच राहते. अक्षराचा तोलच जातो. अरुंद अक्षर पहिल्यापासून अरुंदच काढावं लागतं.

जुन्या वळणाचा अरुंद सेरिफ टाइप (सेरिफ म्हणजे दांड्याच्या टोकाची छोटी आडवी रेघ) मी इंग्रजी कॅपिटलपासून सुरू केला, तुम्हीही तसंच करा. २६ अक्षरं आणि आकडे झाले की मथळ्यापुरता टाइप उभा राहतो. देवनागरीला जोडाक्षरांसकट काही शे आकार लागतात. ही अरुंद इंग्रजी वळणं फोफावली पोस्टरांवर. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२८ मध्ये लाकडी टाइपचा कॅटलॉग काढला. छपाईचे शिशाचे मोठे खिळे जड आणि महाग, लाकडाचे हलके. कागद तेवढाच आणि मथळा मात्र उंच हवा, म्हणून अक्षरं अरुंद झाली.

यात खरं काम पांढऱ्या जागेचं. 'एच'च्या दोन दांड्यांमधलं पांढरं, 'ओ'च्या पोटातलं पांढरं आणि दोन अक्षरांमधलं पांढरं एका लयीत आलं पाहिजे. त्यासाठी 'ओ'च्या बाजू जवळजवळ सरळ उभ्या कराव्या लागतात.

देवनागरीत गोष्ट अवघड होते, आणि मला तीच जास्त आवडते. 'क' घ्या. मधला दांडा, डावीकडे पोट, उजवीकडे वळण. रुंदी कमी केली की दोन्हीकडचं पांढरं बुजतं. तिथे दांडा थोडा सडपातळ करायचा, पोट उंच ओढायचं. 'भ' आणि 'म'ची गाठ तर छोट्या आकारात काळा ठिपका होऊन बसते. इंग्रजी सेरिफ दांड्याच्या टोकाला चिकटवू नका, फार उपरं दिसतं. बोरूचं टोक रोमन लेखणीच्या उलट बाजूला तिरकं कापतात, त्यामुळे जाड-बारीकही वेगळीकडे येतं. एकदा बोरू हातात धरून पाहा, लगेच कळेल.

मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' विसरू नका. 'कोल्हापूर', 'कुऱ्हाड', 'ज्योतिबा', 'रंकाळा' हे शब्द लावून पाहा. 'ऱ्ह' नीट जुळत नसेल तर तो फॉन्ट मराठी माणसाच्या कामाचा नाही. ए-३ कागदावर प्रिंट काढून भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून वाचा. स्क्रीनवर मोठं करून सगळंच सुंदर दिसतं.

फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर म्हणाल तर फॉन्टफोर्ज फुकट आहे, शिकायला पुरतो. ग्लिफ्स सोयीचं, पण मॅकवरच चालतं. चित्रकार बाबूराव पेंटरांच्या या कोल्हापुरात हाताने पाट्या रंगवणारे अजून आहेत. त्यांच्याशेजारी उभं राहून पाहा, पाटीची लांबी बघून ते अक्षराची रुंदी कशी ठरवतात ते. पहिली कमाईही बहुधा अशाच कामातून होईल: दुकानाचं नाव, मसाल्याचं पाकीट, नाटकाची जाहिरात. आठ-दहा अक्षरांचं काम घ्या आणि प्रत्येक अक्षर स्वतः काढा. अख्खा फॉन्ट नंतर.