आरोग्य उपकेंद्रातली रांग कशी मोडली : धाराशिवचा माझा अनुभव

आशाताई तीस वर्षांवरच्या बायकांचे फॉर्म भरून आणायच्या, पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी अडायची. नोंदणी, बीपी, साखर, प्रत्येकाची वेगळी रांग. सोयाबीन काढणीच्या दिवसांत कोण थांबणार?

टोयोटाच्या कारखान्यातली 'लीन' पद्धत, म्हणजे वाया जाणारा वेळ शोधून काढून टाकायची पद्धत, वापरून पाहिली. दारापासून तपासणीच्या टेबलापर्यंतचा बाईचा रस्ता कागदावर काढला. तपासणी काही मिनिटांची, बाकी नुसतं ताटकळणं! मग बीपी, साखर, फॉर्म एकाच टेबलावर आणले. निर्जंतुक स्पेक्युलम (आतलं गर्भाशयमुख दिसावं म्हणून वापरायचं साधन), कापसाचे बोळे, टॉर्च असा ट्रे आदल्या संध्याकाळीच लावतो. पाच टक्क्यांचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड मात्र सकाळी ताजं. ते गर्भाशयमुखाला लावून एक मिनिट थांबायचं, पांढरा चट्टा दिसला की पुढच्या तपासणीला पाठवायचं.

याच जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांवरच्या अभ्यासात (२००९) एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. म्हणून बाई तपासणीविना परत गेली की जिवाला लागतं.

पुढे पाठवलेल्या बाईचं कार्ड भिंतीवरच्या फळ्यावर लावतो, नाव न लिहिता, फक्त नंबर. बायोप्सीचा (तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट हातात येईपर्यंत ते काढायचं नाही. कार्ड अडकलेलं दिसलं की आशाताई त्याच दिवशी त्या बाईच्या घरी जाते.