आधी तळपाय पाहा, मग दाबा: रिफ्लेक्सॉलॉजी आणि चिनी बिंदू एकत्र वापरताना या चुका टाळा

कळंगुट-बागाच्या रस्त्याला 'फूट रिफ्लेक्सॉलॉजी'च्या पाट्या दिसतात, आणि फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या पुष्कळ घरांत आता टोकदार लाकडी काठी, गाठींचा रोलर आणि तळपायाचा रंगीत तक्ता असतो. जोडीला मोबाइलवर चिनी बिंदूंचे व्हिडिओ असतात. रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे तळपायाच्या एकेका जागेचा एकेका अवयवाशी संबंध मानून ती जागा दाबण्याची पद्धत. दोन्ही एकत्र करायला हरकत नाही. चतुर्थीचे दोन-तीन दिवस स्वयंपाकघरात उभे राहून भरून आलेले पाय कुणी अर्धा तास नीट चेपून दिले, तर थकवा उतरतो आणि झोपही बरी लागते. पण त्यात होणाऱ्या बहुतेक चुका दाबायला सुरुवात करण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

तक्ता चिनी आहे असे समजणे

रिफ्लेक्सॉलॉजीचा रंगीत तक्ता चिनी वैद्यकातून आलेला नाही. अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले आणि १९१७ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तळपायावर एकेका अवयवाची जागा ठरवली. चिनी पद्धतीची मांडणी निराळीच. तिच्यात बारा मुख्य वाहिन्या आहेत, त्यांतून 'ची' म्हणजे प्राणशक्ती वाहते अशी कल्पना आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाण मानलेले ३६१ बिंदू आहेत.

या ३६१ पैकी तळव्यावर एकच बिंदू येतो, योंगच्वान. गुडघ्याखालचे बाकीचे बिंदू पावलाच्या वरच्या बाजूला व कडांना, घोट्याभोवती आणि नडगी-पोटरीवर असतात. म्हणून दोन्ही जोडायचे असतील तर कामे वाटून घ्यावीत: तळवा रिफ्लेक्सॉलॉजीच्या अंगठ्याने, आणि चिनी बिंदू पायाच्या वरच्या भागावर व मनगटावर. तळव्यावर 'चिनी यकृतबिंदू' शोधत बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण यकृत वाहिनी तळव्यावरून जातच नाही.

दुखऱ्या जागेवरून रोग ठरवणे

तळव्याच्या मध्यावर दाबले, दुखले, की 'मूत्रपिंडात बिघाड' असा निष्कर्ष निघतो. ही चूक सर्वांत घातक, कारण ती दोन्हीकडून फसवते: निरोगी माणसाला घाबरवते, आणि खऱ्या रुग्णाला 'दुखत नाही म्हणजे सगळे ठीक' असे सांगते. तळवा दुखण्याची कारणे बहुधा तळव्यातच असतात. सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावले टाकताना टाच कळवळते, ती टाचेखालच्या जाड पडद्याला आलेल्या सुजेने. चवडा दुखतो तो पातळ तळाच्या चपलांनी किंवा फरशीवर तासन्‌तास उभे राहिल्याने. मूत्रपिंडाची शंका असेल तर रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करावी. बोटाने ती होत नाही. चिनी वैद्यकात मूत्रपिंड म्हणजे वाढ, प्रजनन, हाडे, कान यांच्याशी जोडलेली एक कार्यसंस्था. 'मूत्रपिंड कमजोर' हे चिनी निदान ऐकून डायलिसिसच्या भीतीने झोप उडवून घेऊ नये.

उपयोग किती, हेही स्पष्ट असावे. पर्यायी उपचारांचे संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ साली रिफ्लेक्सॉलॉजीच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कोणत्याही आजारावर ती गुणकारी असल्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. चिनी बिंदूंपैकी मनगटावरच्या नैग्वानची बाजू बरी आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर त्याच्या ५९ चाचण्यांचा आढावा, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा, २०१५ साली आला आणि खोट्या उपचारापेक्षा त्याने मळमळ-उलटी कमी झालेली दिसली. म्हणजे आराम, झोप, मळमळ इथपर्यंत अपेक्षा ठेवावी. साखर, रक्तदाब, थायरॉइडच्या गोळ्या यासाठी एक दिवसही थांबवू नयेत.

पाय न पाहताच बसणे

या भागावर आम्ही सर्वांत जास्त भर देतो, आणि गोव्यात तर तो द्यायलाच हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 'इंडियाब' या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघाले: २६.४ टक्के. म्हणजे समोर बसलेल्या चार प्रौढांमागे एकाला साखर असू शकते. बरीच वर्षे साखर असलेल्या पायाची संवेदना हळूहळू जाते. मग जोराने दाबले तरी 'छान वाटतेय' असेच उत्तर येते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे फोड किंवा निळा डाग दिसतो.

संवेदना तपासायला साधन लागत नाही. आईला किंवा आजीला डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचे टोक तिच्या पायाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद अलगद लावा. दाबू नका, टकटक करू नका, घासू नका. दोन्ही पायांच्या मिळून सहा जागा होतात. स्पर्श कळला की तिने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचे. सहापैकी दोन किंवा अधिक जागी कळले नाही, तर त्या दिवशी काठी-रोलर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. अशा पायाला गरम पाण्याचा शेक नको, मोक्सा म्हणजे जळत्या वनस्पतीचा चिनी शेक तर मुळीच नको, आणि प्लास्टिकच्या काट्यांच्या ॲक्युप्रेशर चपलाही नकोत.

मग बोटांच्या बेचक्या उघडून पाहा. जून ते सप्टेंबर इथे चिखल्या घरोघर. चौथ्या आणि पाचव्या बोटांमध्ये पांढरी, भिजलेली, सोलवटलेली कातडी दिसली, की तिथे हात फिरवू नये, तेल तर घालूच नये. बुरशी चेपणाऱ्याच्या नखात जाते आणि टॉवेलवरून दुसऱ्याच्या पायावर. आधी कोरडे ठेवून मलम लावून बरे करावे. शेतातल्या पाण्यात अनवाणी काम करून आलेल्याच्या पायाला चीर असेल आणि ताप, अंगदुखी सुरू झाली असेल, तर लेप्टोस्पायरोसिसच्या (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) शंकेने थेट दवाखाना गाठावा.

शेवटी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी पाहा. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर तिला हात लावू नका. लांबच्या विमानप्रवासाने मोपा-दाबोळीला उतरलेला तारवटी (जहाजावर काम करणारा), नुकतीच शस्त्रक्रिया झालेला माणूस, बाळंतपणानंतरची स्त्री यांच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सोबत धाप किंवा छातीत दुखणे असेल तर १०८ ला फोन करावा. दोन्ही घोटे रोज सुजत असतील, तर हृदय आणि मूत्रपिंडाची तपासणी आधी, चेपणे नंतर.

दुसऱ्याच्या पायावर आपली बोटे मोजणे

चिनी बिंदूचे अंतर 'त्सुन'मध्ये मोजतात आणि एक त्सुन म्हणजे त्या व्यक्तीच्याच अंगठ्याची सांध्यापाशी असलेली रुंदी. तिच्याच चार जुळवलेल्या बोटांची मधल्या पेरापाशी रुंदी म्हणजे तीन त्सुन. धिप्पाड मुलाने स्वतःच्या बोटांनी लहानखुऱ्या आजीच्या पायावर मापले, की बिंदू पार खाली सरकतो. 'दाबले पण काही जाणवले नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

त्सूसान्ली: गुडघा वाकवा. वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला खळगा लागतो. तिथून चार बोटे खाली आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर. जागा बरोबर असेल तर पावलाचा पुढचा भाग वर उचलताच बोटाखालचा स्नायू फुगतो. फुगला नाही तर तुम्ही हाडावर आहात.

ताइचोंग: पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यातून वर घोट्याकडे सरकत जा, दोन हाडे जुळतात त्याच्या अलीकडचा खळगा. बोटाखाली नाडी लागली तर थोडे बाजूला व्हा, रक्तवाहिनी दाबून धरू नये.

योंगच्वान: पायाची बोटे आत वळवली की तळव्याच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शात खळगा पडतो, तोच. नैग्वान: मनगटाच्या आडव्या रेघेपासून तीन बोटे वर, हलकी मूठ आवळल्यावर उठणाऱ्या दोन दोऱ्यांच्या मध्ये.

गरोदर बाईला आतल्या घोट्याच्या वरचा सान्यिन्ज्याव, बाहेरच्या घोट्यामागचा कुनलुन, पायाच्या करंगळीच्या नखाजवळचा चिइन आणि हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यातला हगू हे बिंदू परंपरेने वर्ज्य आहेत. घरच्या घरी ते दाबू नयेत.

जोर, तेल, वेळ

'जितके दुखेल तितका गुण' ही समजूत सोडून द्यावी. दुखण्याला शून्य ते दहा गुण दिले, तर दाब चार-पाचच्या पुढे जाऊ नये. चेहरा आकसला, पाय मागे ओढला, श्वास रोखला, की दाब जास्त झाला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि हाडे ठिसूळ झालेल्या वयस्करांना काठी अजिबात नको, अंगठ्याचा हलका दाब पुरे.

नारळाचे तेल घरी असतेच, पण ते आधी ओतू नये. अंगठा एकेक पाऊल सरकत चालतो. तेलकट तळव्यावर तो घसरतो, मग माणूस नकळत जास्त जोर लावतो. तेल शेवटी, अर्धा चमचा, आणि बोटांच्या बेचक्यांत नाही.

क्रम असा ठेवावा. जेवून किमान एक तास झालेला असावा आणि चेपणाऱ्याची नखे कापलेली असावीत. कोमट पाण्यात, म्हणजे साधारण ३७ अंशांच्या, आठ-दहा मिनिटे पाय ठेवावेत. पाणी पाहावे ते चेपणाऱ्याने, आपल्या कोपराने. बेचक्यांसकट पाय पुसावेत. एकेका तळव्याला आठ मिनिटे: टाचेपासून बोटांकडे, अंगठ्याने. त्यानंतर दोन किंवा तीनच चिनी बिंदू, प्रत्येकी एक-दीड मिनिट. पाच सेकंद दाबायचे, दोन सेकंद सोडायचे. व्हिडिओत पाहिलेले बारा बिंदू एका बैठकीत उरकू नयेत, कारण कशाने बरे वाटले आणि कशाने त्रास झाला हे मग कळत नाही. आठवड्यातून दोनदा पुरे.

मध्येच चक्कर आली तर थांबा, आडवे करा, पाय उंच ठेवा. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणारा असेल तर ग्लुकोमीटरने साखर पाहा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. टाच दुसऱ्या दिवशी जास्त दुखू लागली, तर सुजलेला पडदा चुरडला गेला असावा. आठवडाभर टाच सोडून द्या आणि पोटरी ताणण्याचा व्यायाम करा.

पावडरी, पट्ट्या, यंत्रे

बिंदू दाबण्याच्या जोडीला चिनी जडीबुटीची पुडी घेण्याची घाई नको. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात वजन घटवण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. दानशेन हे चिनी औषधी मूळ वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढवते, त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. पुडीवर घटकांची नावे नसतील तर ती घेऊ नये. असतील तर पुडीच डॉक्टरांना दाखवावी.

पाण्यात पाय बुडवून 'विष बाहेर काढणाऱ्या' यंत्रावर पैसे घालवू नका. पाणी तपकिरी होते ते मिठाच्या पाण्यातून वीज जाऊन धातूची पट्टी गंजल्याने. खात्री करायची असेल तर विकणाऱ्याला सांगा, पाय न घालता यंत्र तेवढाच वेळ चालवून दाखव. पाणी तरीही तपकिरीच होते.