लोगोचं काम हाती घेण्याआधी

लोगोच्या कामात नवखा माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे सॉफ्टवेअर उघडतो. ते जरा लांबणीवर टाका. पहिल्या बैठकीत क्लायंटकडे मागण्यांची यादी तयार असते: विश्वास दिसला पाहिजे, वेग दिसला पाहिजे, आधुनिक वाटलं पाहिजे आणि आपलेपणाही हवा. वाद घालू नका, सगळं लिहून घ्या. मग त्यातली एकच गोष्ट ठेवायची तर कुठली, एवढं विचारा. इथे क्लायंट पहिल्यांदा गप्प होतो, आणि खरी चर्चा त्यानंतर सुरू होते.

कारण लोगोनं धंद्याची माहिती सांगायची नसते, ओळख पटवायची असते. कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं १९७१ मध्ये ३५ डॉलरला नायकेचं चिन्ह करून दिलं, त्यात बूट कुठेच नाही. ॲपलचा १९७६ मधला पहिला लोगो झाडाखाली बसलेल्या न्यूटनचं बारीक रेघांचं चित्र होतं. गोष्ट भरपूर सांगायचा, पण लहान आकारात नुसता डाग दिसेल असा. पुढच्याच वर्षी रॉब जॅनॉफ या डिझायनरनं चावा घेतलेलं सफरचंद काढलं. तो चावा का? लहान आकारात सफरचंद चेरीसारखं दिसू नये म्हणून. कारण इतकं साधं आहे. बाकीचे गूढ अर्थ लोकांनी मागाहून चिकटवले.

म्हणून माझा दुसरा ठरलेला प्रश्न: हा लोगो सगळ्यात जास्त कुठे दिसणार? मोबाइलच्या पडद्यावर, गाडीच्या दारावर की गणवेशाच्या खिशावर? भरतकामात बारीक रेघ टिकत नाही, आणि लहान अक्षरांच्या पोकळ्या दोऱ्यानं भरून जातात. ब्राउझरच्या टॅबवर तर १६ बाय १६ पिक्सेलचा चौकोन मिळतो, तिथे पूर्ण नाव बसवण्याचा हट्ट सोडावाच लागतो. शेवटी होकार कोण देणार, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या. पाच जणांची समिती असेल, तर पाच जणांचे पाच आवडते रंग असतात.

रंगावरून आठवलं. पहिले स्केच पेन्सिलीनं आणि पहिलं सादरीकरण काळ्या-पांढऱ्यात, हे मी मोडत नाही. रंग दाखवला की आकाराबद्दल कोणी बोलतच नाही. शिवाय जो आकार रंगाच्या आधारावर उभा असतो, तो रबरी शिक्क्यावर आडवा होतो.

नवख्यांच्या कामात सगळ्यात कच्चं राहतं ते डोळ्यानं करायचं काम. एकाच उंचीचा चौकोन आणि वर्तुळ शेजारी ठेवा; मोजून सारखे असले तरी वर्तुळ लहान दिसतं. म्हणून ते किंचित मोठं काढायचं. चांगल्या फॉन्टमधली गोल अक्षरंही रेषेच्या थोडी बाहेर जातात, ती याच कारणानं. वर्तुळातला त्रिकोण, म्हणजे व्हिडिओच्या प्ले बटणासारखा, संगणकानं मधोमध बसवला की डावीकडे सरकलेला वाटतो. हातानं उजवीकडे ढकलावा लागतो. गडद पार्श्वभूमीवरची पांढरी रेघ जाड भासते, तेव्हा नुसते रंग उलटे करून भागत नाही, रेघा थोड्या बारीक केलेली वेगळी आवृत्ती लागते. अक्षरांमधली अंतरं तपासायची असतील तर नाव उलटं फिरवून बघा: वाचता येत नाही, म्हणून डोळ्याला नुसत्या मोकळ्या जागा दिसतात. देवनागरीत शिरोरेषा अंतरं झाकते. तिच्या खालची पोकळी बघायची. आणि उकार, रफार लहान आकारात आधी मरतात, त्यांना जागा राखून ठेवा.

(सुवर्ण गुणोत्तराची, म्हणजे १ ला साधारण १.६१८ या ‘आदर्श’ मानल्या जाणाऱ्या प्रमाणाची वर्तुळं काढून लोगोचं समर्थन करणारी चित्रं तुम्ही पाहिली असतील. त्यातली बरीचशी लोगो झाल्यावर काढलेली असतात. फार मनावर घेऊ नका.)

पॉल रँड या नामवंत अमेरिकन डिझायनरनं १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट या संगणक कंपनीला लोगोचा एकच पर्याय दिला आणि एक लाख डॉलर घेतले. आपला तेवढा वट नसतो, तेव्हा दोन-तीन पर्याय न्यावेत. दहा नेले तर क्लायंट एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवायला सांगतो. प्रत्येक पर्याय प्रत्यक्ष वापरात दाखवा. ‘आवडला का?’ असं विचारू नका. तुमच्या ग्राहकाला हा लांबून ओळखता येईल का, असं विचारा. जुना लोगो बदलायचं काम असेल तर हात आखडता ठेवा. गॅप या कपड्यांच्या अमेरिकन कंपनीनं २०१० मध्ये नवा लोगो आणला आणि लोकांच्या आरडाओरड्यानंतर आठवड्याच्या आतच जुना परत लावला.

पसंती मिळाली की इमेज सर्च आणि ट्रेडमार्कची नोंदवही तपासा, फॉन्टचा परवाना व्यावसायिक वापराचा आहे का ते बघा. किती वेळा बदल करून देणार आणि हक्क कधी सुपूर्त होणार, हे कामाआधीच लेखी असू द्या. फायली देताना अक्षरांचे आकारात रूपांतर केलेली (म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी चालेल अशी) एसव्हीजी आणि पीडीएफ, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, छपाईचे आणि पडद्याचे रंगांक (रंगांचे कोड) वेगवेगळे. फोल्डरांना ‘फायनल २’ नको, ‘गडद पार्श्वभूमीसाठी’ अशी नावं द्या. क्लायंट ते ज्या छापखान्याला पाठवेल, तिथल्या माणसाला तुमचा फोन नंबर माहीत नसतो.