प्रथम सोपान: दोर, वही आणि नऊ महिने

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच आठवड्यात स्काऊट पथकात नाव घातलं तर हिशोब सोपा होतो. आधी तीन महिने ‘प्रवेश’ या सुरुवातीच्या टप्प्यासाठी, त्यानंतर सहा महिने प्रथम सोपानासाठी, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत पहिली पायरी पक्की. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाव घातलं की शेवटची मैदानी कामं नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात येतात आणि मग ती उरकली जातात, शिकली जात नाहीत. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये स्काऊट होण्यासाठी वयाची 10 वर्षं पूर्ण हवीत. गाईड मुलींचा क्रमही हाच, गणवेश तेवढा वेगळा.

प्रवेशात पाठांतर आहे, पण ते थोडं आहे. वचन आणि नऊ नियम. नियम क्रमाने घोकण्यापेक्षा प्रत्येकाला घरातला किंवा वर्गातला एक प्रसंग जोडा. ‘स्काऊट काटकसरी असतो’ म्हणजे काय, असं विचारल्यावर गप्प राहणारी मुलं बहुतेक वेळा नियम घडाघडा म्हणणारीच असतात. स्काऊट चिन्हात आणि सॅल्यूटमध्ये मधली तीन बोटं सरळ असतात, करंगळीवर अंगठा असतो. तीन बोटं म्हणजे वचनाचे तीन भाग. हस्तांदोलन डाव्या हाताने.

गाणी घड्याळ लावून बसवा. राष्ट्रगीत 52 सेकंद, प्रार्थना 90, झेंडागीत 45. घाबरलेली मुलं वेग वाढवतात आणि राष्ट्रगीत 40 सेकंदांत संपवतात. ताल धरायला संघातल्या (पथकातल्या छोट्या गटातल्या) एकाने पायाच्या अंगठ्याने ठेका धरावा, हाताने नाही, कारण सावधानमध्ये हात हलता कामा नये. ध्वज तीन ओळखायचे: तिरंगा (लांबी-रुंदी 3:2, चक्राला 24 आरे), गडद निळ्यावर पिवळं चिन्ह असलेला भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा ध्वज, आणि जांभळ्यावर पांढरं चिन्ह असलेला जागतिक स्काऊट ध्वज.

शिट्टीचे संकेत ऐकून कृती करायची असते, म्हणून ते वहीत लिहून उपयोग नाही. एक लांब शिट्टी: शांत व्हा, लक्ष द्या. लागोपाठ छोट्या शिट्ट्या: गोळा व्हा. लागोपाठ लांब शिट्ट्या: पांगा. छोटी-लांब आलटून पालटून: धोका. तीन छोट्या आणि एक लांब: फक्त संघनायकांनी यावं. शेवटच्या संकेताला सगळं पथक धावत येतं, ही नेहमीची चूक. तिसरी छोटी शिट्टी ऐकल्यावर थांबून लांब शिट्टी येते का ते ऐका.

गणवेश शिवून घ्यायचा असेल तर कापड सीताबर्डीत मिळतं. पण आधी पथकातल्या मोठ्या मुलाचा शर्ट सोबत न्या, कारण ‘राखाडी’ म्हटलं की दुकानदार चार छटा समोर टाकतो. स्कार्फ त्रिकोणी असतो, रंग पथकाचा. लांब बाजूकडून टोकाकडे घट्ट गुंडाळत न्या आणि पाठीवर तळहाताएवढा त्रिकोण राहिला की थांबा. सैल गुंडाळलेला स्कार्फ दहा मिनिटांत वॉगलमधून, म्हणजे गळ्यापाशी तो अडकवायच्या कडीतून, सुटतो.

आता सत्कृत्याची वही, म्हणजे रोजच्या एका चांगल्या कामाची नोंद. चाचणीत सगळ्यात जास्त मुलं हिच्यावर अडकतात, कारण ती आदल्या रात्री एका बैठकीत लिहिलेली असते. एकाच पेनाची, एकाच हाताच्या तिरकेपणाची तीस दिवसांची नोंद कुणीही ओळखतं. रोज रात्री एकच ओळ लिहा, पण नेमकी. ‘मदत केली’ ही नोंद नाही. ‘शेजारच्या आजींची कणकेची पिशवी दुसऱ्या मजल्यावर नेऊन दिली’ ही नोंद आहे. जे काम घरात तुमच्याच वाट्याचं आहे ते सत्कृत्य नाही. मार्चपासून घरोघरी कूलर लागतात. एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या कूलरमध्ये पाणी भरणं हे उत्तम सत्कृत्य, मात्र आधी बटण बंद आणि प्लग बाहेर. पत्र्याच्या कूलरला शॉक बसतो, आणि ओल्या पायांनी तर नक्कीच. मोठं माणूस जवळ नसेल तर हात लावू नका.

प्रथम सोपानाचा खरा मजकूर दोरात आहे. इतवारीत दोरांची दुकानं आहेत. तिथून सुती दोर घ्या, बोटाएवढा जाड, तीन मीटर. नायलॉन घसरतो, गाठ बरोबर असूनही सुटते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. दोराची टोकं आधी बांधून घ्या, नाहीतर आठवड्यात उसवतात. बारीक सुतळीचा फास दोराच्या टोकावर आडवा ठेवा. फासाचं वळण दोराच्या टोकाकडे हवं आणि सुतळीचं लहान टोक मागे सुटं राहू द्या. मग मागून टोकाकडे घट्ट वेढे घ्या, वेढ्याला वेढा चिकटवून. दोराच्या जाडीपेक्षा थोडी जास्त लांबी झाली की सुतळीचं उरलेलं टोक फासातून ओवा आणि मागचं लहान टोक ओढा. फास वेढ्यांखाली अर्ध्यापर्यंत गेला की थांबा. पूर्ण ओढून घेतला तर सगळं बाहेर निघतं. मग दोन्ही टोकं कापा.

रीफ नॉट ही पहिली गाठ: उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर आडवी-तिडवी गाठ होते आणि ओढली की घसरते. बरोबर गाठ सपाट बसते. म्हणूनच ती दुखऱ्या हाताच्या झोळीच्या पट्टीला वापरतात, मानेत टोचत नाही.

शीट बेंड जाड आणि बारीक दोर जोडायला. दुमड जाड दोराचीच. बारीक दोर दुमडला तर तो सरळ होऊन निसटतो, आणि मुलं नेमकं तेच करतात.

क्लोव्ह हिच नेहमी खांबावरच शिका, हातात फास करून नाही. झाडाच्या खोडाला किंवा बांबूला एक वेढा, दोर स्वतःवरून तिरपा ओलांडून दुसरा वेढा, आणि टोक त्या तिरप्याच्या खाली. लोखंडी पाइपवर ती घसरेल. ओढण्याची दिशा बदलत राहिली तरी सैल होते, त्यामुळे तंबूच्या खुंटीला ती एकटी पुरत नाही.

बोलाइनचा फास आवळत नाही, म्हणून माणसाला बांधायला तीच. शीपशँक लांब दोर न कापता आखूड करते, पण दोर ताणलेला असेल तोवरच टिकते. फिशरमन्स नॉट बारीक दोरांसाठी. प्रत्येक गाठीचा उपयोग विचारला जातो. नुसती गाठ दाखवून काम होत नाही.

प्रथमोपचारात भाजल्यावर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरायचं. टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही. कापलं तर स्वच्छ कापडाने दाबून हात उंच. मुरगळलं तर विश्रांती, थंड पट्टी, बँडेज आणि पाय उशीवर. एक मीटर चौरस सुती कापड कोपऱ्यातून तिरपं कापलं की दोन त्रिकोणी पट्ट्या तयार होतात.

खुणांवरून माग काढण्याचा सराव डिसेंबर-जानेवारीत करा, सकाळी सातला, अंबाझरीच्या बाजूला किंवा सेमिनरी हिल्सवर मोठ्यांबरोबर. बाण म्हणजे इकडून, फुली म्हणजे इकडून नाही, वर्तुळात ठिपका म्हणजे घरी गेलो. खुणा दगडांनी आणि काटक्यांनी करा, झाडाच्या सालीवर कोरू नका. शेवटच्या संघाने येताना सगळ्या खुणा मोडत यायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशीचं पथक जुन्या बाणांमागे फिरत बसतं.