बांधकाम कारवाईच्या कार्यालयात स्वीय सहायक म्हणून काम करताना

मुंबई महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात अनधिकृत आणि धोकादायक बांधकामांची प्रकरणे पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे, म्हणजे बहुधा इमारत व कारखाने शाखेच्या सहायक अभियंत्यांकडे असतात. त्यांचे किंवा सहायक आयुक्तांचे स्वीय सहायक म्हणून ज्यांनी नुकताच कार्यभार घेतला आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. भेटींच्या वेळा ठरवणे, फोन घेणे, बैठकीचे इतिवृत्त लिहिणे ही कामे कोणत्याही कार्यालयात सारखीच असल्यामुळे त्यांविषयी येथे लिहीत नाही. या कार्यालयातून निघणारा जवळजवळ प्रत्येक कागद पुढे न्यायालयात वाचला जाण्याची शक्यता असते, आणि तेथे बांधकाम अनधिकृत होते का या प्रश्नाच्या आधी नोटीस कोणावर, कधी आणि कशी बजावली हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर नस्तीत, म्हणजे प्रकरणाच्या फाइलमध्ये सापडावे, याची मोठी जबाबदारी आपल्या टेबलावर असते.

टपाल उघडल्यावर पहिली गोष्ट पाहावी ती तक्रारीतील जागा नेमकी कोणाच्या अखत्यारीत येते ही. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असेल, तर तिच्या दुरुस्तीचा विषय म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा असतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील इमारत असेल, तर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचा. जमीन शासनाची असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयाचा. चुकीच्या ठिकाणी आलेला अर्ज दोन महिने आपल्याच कपाटात पडून राहिला आणि मग ‘कार्यक्षेत्रात येत नाही’ असा शेरा मारून परत गेला, तर अर्जदाराचा संताप रास्तच म्हणावा लागेल. म्हणून आवक क्रमांक पडतो त्याच दिवशी कनिष्ठ अभियंत्यांना विचारून अर्ज योग्य कार्यालयाकडे वर्ग करून घ्यावा आणि अर्जदाराला तसे लेखी कळवावे.

आता कलमांविषयी. स्वीय सहायकाने कायद्याचा अर्थ लावू नये, पण कोणत्या कलमाला किती दिवस लागतात हे त्याला पाठ असले पाहिजे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 354अ खालील नोटीस चालू काम थांबवण्यासाठी असते आणि तिचे घड्याळ 24 तासांचे आहे. आधीच झालेल्या बांधकामाबद्दल कलम 351 खाली कारणे दाखवा नोटीस देतात आणि उत्तरासाठी सात दिवस मिळतात. कलम 354 मोडकळीस आलेल्या, धोकादायक इमारतींसाठी आहे. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीचे कलम 353ब याच गटातले. मात्र सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी पाडकामांसंबंधी दिलेल्या निर्देशांनंतर केवळ या मुदतींवर विसंबून चालत नाही. स्थानिक कायद्यातील मुदत किंवा नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस, यांपैकी जी नंतर संपते ती धरावी लागते. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवायची असते, शिवाय बांधकामाच्या दर्शनी भागावर चिकटवायची असते. तसेच बजावणी होताच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेलने कळवायचे असते. मागील तारीख टाकून नोटीस तयार केली, असा आरोप होऊ नये यासाठी ही ईमेलची अट आहे. म्हणून त्या ईमेलला आलेली स्वयंचलित पोहोच छापून नस्तीला लावणे हे आपले काम समजावे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय येथील अतिक्रमणांना आणि न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिलेल्या बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. परंतु एखादे प्रकरण या अपवादात बसते की नाही, हे अधिकाऱ्यांनी टिपणीवर लिहून ठरवावे, आपण गृहीत धरू नये.

यासाठी एकच नोंदवही ठेवावी, संगणकावर असली तरी चालेल, पण एकच. तिच्यात नोटिशीवरील तारीख आणि बजावणीची तारीख असे दोन वेगळे रकाने असावेत, कारण मुदत दुसऱ्या तारखेपासून सुरू होते आणि गोंधळ नेमका येथेच होतो. त्यापुढे उत्तर आल्याची तारीख, सुनावणीची तारीख, आदेशाची तारीख, आदेश मिळाल्याची तारीख आणि त्यानंतरचे 15 दिवस, ज्या काळात संबंधिताला अपील करता येते किंवा बांधकाम स्वतः काढून घेता येते, असे रकाने लागतात. मी ज्या कार्यालयात काम शिकलो, तेथे एका प्रकरणात नोटीस चिकटवल्याचे छायाचित्र मुकादमांच्या फोनमध्येच राहिले आणि फोन बदलल्यावर गेले. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या होत्या, पण तारखेच्या जागी काही लिहिलेले नव्हते. सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागली. तेव्हापासून संध्याकाळी कर्मचारी घरी जाण्याआधी त्या दिवशीच्या बजावणीची छायाचित्रे मागून घेण्याची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही.

सही कोणाची आहे, हेही पाहावे. आयुक्तांचे अधिकार कलम 68 खाली खालच्या अधिकाऱ्यांना दिलेले असतात, त्यामुळे सही करणाऱ्याकडे तो अधिकार त्या दिवशी होता का, असा प्रश्न वकील हमखास उपस्थित करतात. आपले साहेब रजेवर असताना दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार असेल, तर त्या कार्यालयीन आदेशाची प्रत वेगळ्या नस्तीत तारखेनुसार लावून ठेवावी. आदेश तोंडी असेल, तर लेखी येईपर्यंत नोटीस सहीला ठेवूच नये.

सुनावणीच्या दिवशी हजर असलेल्यांची नावे, त्यांनी दाखल केलेली कागदपत्रे आणि त्यांचे म्हणणे थोडक्यात पण त्यांच्याच शब्दांत नोंदवून त्यावर त्यांची सही घ्यावी. निवासी बांधकामासाठी 17 एप्रिल 1964 आणि व्यापारी बांधकामासाठी 1 एप्रिल 1962 या तारखांपूर्वीचे बांधकाम पालिका सहन करण्याजोगे मानते, म्हणून तेव्हाचे अस्तित्व दाखवण्यासाठी लोक जुन्या पावत्या, वीजबिले, भाडेपावत्या घेऊन येतात. मूळ कागद कधीही ठेवून घेऊ नयेत, मुळाशी ताडून प्रत घ्यावी आणि ती घेतल्याची पोहोच द्यावी. अंतिम आदेश सकारण असावा लागतो, आणि पाडण्याचाच मार्ग का उरला हे त्यात यावे लागते. ते लिहिणे अधिकाऱ्यांचे काम आहे, पण दाखल झालेला एखादा कागद आदेशात उल्लेखाविना राहिला असेल, तर सहीपूर्वी तो नम्रपणे निदर्शनास आणून देणारा सहायक सोन्याच्या मोलाचा.

फोनवर आणि दालनाबाहेर दोन पथ्ये पाळावीत. तक्रारदाराचे नाव कोणालाही सांगू नये. कारवाईचा दिवस आणि पोलीस बंदोबस्ताची वेळ ही माहिती घरच्या माणसांनाही सांगू नये. चहा घेऊन गप्पा मारायला बसणारे ओळखीचे कंत्राटदार नेमके हेच विचारायला आलेले असतात. न्यायालयातून ‘जैसे थे’ आदेश आल्याचा फोन वकिलांकडून आला, तर मात्र तो टाळू नये. वेळ लिहून घ्यावी, प्रत ईमेलने मागवावी आणि विधी खात्याला व जागेवर असलेल्या अभियंत्यांना त्याच मिनिटाला कळवावे. आपण होऊन कॅव्हेट, म्हणजे आमचे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा न्यायालयातील अर्ज, दाखल केले असेल, तर ते 90 दिवसांनी संपते, हेही त्याच नोंदवहीत असू द्यावे. माहितीच्या अधिकारातील अर्जांना 30 दिवस असतात, एवढे सांगून पुढे जातो.

धोकादायक इमारतींची नस्ती हाताळताना घाई आणि सबुरी दोन्ही लागतात. या इमारतींचे वर्ग असे: सी-1 म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडण्याची इमारत. सी-2अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा अंशतः पाडकाम. सी-2ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मालकाच्या आणि रहिवाशांच्या सल्लागारांचे अहवाल परस्परविरोधी आले, तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. ते पाठवताना दोन्ही अहवाल संपूर्ण, परिशिष्टांसह जोडावेत, एकाचाच सारांश जोडू नये. पावसाळ्यापूर्वी सी-1 इमारतींची यादी जाहीर होते, तेव्हा आपला फोन दिवसभर वाजतो. विचारणारा बहुतेक वेळा भाडेकरू असतो आणि त्याचा प्रश्न एकच असतो, घर सोडले तर हक्क जाईल का. या प्रश्नाला फोनवर कायदेशीर आश्वासन देऊ नये, पण एक गोष्ट जरूर सांगावी: इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूचे नाव आणि त्याच्या ताब्यातील जागेचे क्षेत्रफळ मोजून नोंदवले जाते. ही मोजणी कधी होणार, कोणता अभियंता येणार आणि त्या वेळी घरात कोण हजर असावे, हे त्याला कळवावे. आणि यादी तयार झाली की तिची प्रत त्याने पुन्हा हेलपाटा न घालता मिळेल अशी सोय करावी.